वृषणाला पीळ पडला तर: दुखणं सुरू झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत काय करायचं

डिसेंबरातली पहाट होती. १४ वर्षांचा एक मुलगा कॅज्युअल्टीतल्या स्टुलावर पुढे वाकून बसला होता, गुडघे जवळ घेऊन, आईची शाल पांघरून. आई सांगत होती, "रात्रीपासून पोटात दुखून राहिलं म्हणे, डॉक्टरसाहेब. दोनदा ओकला. आम्ही अ‍ॅसिडिटीची गोळी देल्ली, पोटाले बाम लावला." पोट तपासलं तर मऊ होतं. मी आईला जरा बाहेर थांबायला सांगितलं, पडदा ओढला आणि विचारलं, "बाबू, खाली दुखते का रे?" त्याने मान हलवली आणि रडायलाच लागला. दुखणं रात्री साडेदहाला सुरू झालं होतं. घड्याळात पावणेसहा वाजले होते. सव्वासात तास आई त्याच्या उशाशी बसून होती आणि लाजेपायी तो फक्त 'पोटात' एवढंच सांगत राहिला.

मी सर्जन आहे. या आजारात हातून निसटलेले तास बहुतेक वेळा घरातच निसटलेले असतात, आणि ते वाचवणं घरच्यांच्या हातात असतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. आईवडिलांनी वाचावं, आणि १० वर्षांच्या पुढच्या मुलांनीही वाचावं.

आत नेमकं काय होतं

वृषण, म्हणजे बोलीत आपण ज्याला गोटी म्हणतो ती, पोटातून खाली उतरलेल्या एका दोरीला लटकलेली असते. या दोरीतच तिला रक्त पुरवणारी रोहिणी असते, रक्त परत नेणाऱ्या नीला असतात आणि वीर्यवाहिनीही असते. एरवी गोटी मागच्या बाजूने पिशवीला चिकटलेली असते, त्यामुळे ती फिरत नाही. काही मुलांत ही पकड जन्मापासूनच नसते आणि गोटी घंटेतल्या लोलकासारखी मोकळी लोंबते. अशी गोटी स्वतःभोवती फिरली की दोरीला पीळ बसतो. डॉक्टर याला टॉर्शन म्हणतात.

पीळ बसला की आधी नीला दाबल्या जातात. रक्त आत येतं पण बाहेर जात नाही, म्हणून गोटी सुजते, निळी-जांभळी पडते. सूज वाढली की रोहिणीही बंद होते आणि गोटी उपाशी पडते. पीळ अर्ध्या वेढ्याचा असू शकतो, दोन वेढ्यांचाही असू शकतो. जितका घट्ट, तितकं नुकसान लवकर.

हा आजार कोणत्याही वयात होतो, पण १२ ते १८ या वयात सर्वाधिक, कारण तेव्हा गोटीचा आकार आणि वजन झपाट्याने वाढतं. दुसरा, लहान गट म्हणजे नवजात बाळं. २५ वर्षांखालच्या साधारण ४,००० पुरुषांमागे वर्षाला एकाला टॉर्शन होतं असं मानतात. नागपूरएवढ्या शहरात म्हणजे हे दुर्मीळ नाही. थंडीत आणि झोपेत गोटी वर ओढणारा स्नायू आकसतो, म्हणून कित्येक मुलं रात्री किंवा पहाटे दुखण्यानेच जागी होतात. कधी खेळताना लागल्यावर सुरू होतं, पण बहुतेकदा कारण काहीच सापडत नाही. मुलं मनात घाबरलेली असतात की आपण काहीतरी 'वाईट' केलं म्हणून हे झालं. तसं नसतं. पकड नसणं जन्माचंच असतं. हे त्याला तिथल्या तिथे सांगा, म्हणजे तो बाकीचं खरं सांगेल.

सहा तासांचा हिशेब

पीळ सहा तासांच्या आत सुटला तर १०० पैकी ९० हून जास्त मुलांची गोटी वाचते. १२ तासांपर्यंत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. २४ तासांनंतर ते १० टक्क्यांच्याही खाली जातं.

हे सहा तास दुखणं सुरू झाल्यापासून पीळ सुटेपर्यंतचे आहेत. दवाखान्याच्या दारात पोहोचलात म्हणजे घड्याळ थांबलं असं होत नाही. रात्री साडेदहाला दुखायला लागलं तर साडेचारला गोटी मोकळी झालेली हवी. घरातून निघायला अर्धा तास, रस्त्यात अर्धा ते एक तास, केसपेपर आणि तपासणीत अर्धा-पाऊण तास, रक्ततपासणी, भूलतज्ज्ञ आणि थिएटरची तयारी यांत आणखी तासभर. म्हणजे घरच्यांकडे विचार करायला जेमतेम तीनेक तास उरतात. 'सकाळी फॅमिली डॉक्टरला दाखवू' या एका वाक्यात ते सगळे जातात.

ओळखायचं कसं

सुरुवात अचानक असते, हीच सगळ्यात महत्त्वाची खूण. मुलगा नेमकी वेळ सांगू शकतो: मालिका संपली तेव्हा, झोपेतून उठलो तेव्हा, क्रिकेटचा दुसरा डाव सुरू होता तेव्हा. दुखणं एका बाजूला, जबरदस्त, आणि बसून-झोपून कशानेच न थांबणारं. सोबत मळमळ किंवा उलटी. दुखणं जांघेत आणि बेंबीखाली चढतं. काही मुलांना फक्त पोटातच जाणवतं, आणि गोटीचं दुखणं ते सांगतच नाहीत. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: मुलगा 'पोट दुखतं' म्हणाला, विशेषतः सोबत उलटी असली, तर पँट उतरवून पाहिल्याशिवाय पोटदुखीचा इलाज करू नका. डॉक्टरकडे गेलात आणि त्यांनी खाली पाहिलं नाही, तर स्वतः म्हणा, "डॉक्टर, खालीही एकदा तपासा."

पाहायचं कसं? मुलाला सांगून, चांगल्या उजेडात, दार लावून. बाबा, मोठा भाऊ, मामा, ज्याच्यापुढे त्याला कमी अवघडल्यासारखं होईल त्याने पाहावं. घरात फक्त आई असेल तर आईने पाहावं, लाजेत वेळ घालवू नये. चिवडू नका, दोन्ही बाजूंची फक्त तुलना करा. दुखरी गोटी दुसरीपेक्षा वर चढलेली दिसते का? उभी असायची ती आडवी झाली आहे का? पिशवी लाल किंवा सुजलेली आहे का? हलक्या बोटाने ती दगडासारखी कडक लागते का, आणि हात लावू देत नाही का? यातलं एकही लक्षण दिसलं तर निघा. सुरुवातीच्या तासाभरात सूज नसतेही. सूज नाही म्हणून थांबू नका, अचानक आणि जोरात दुखणं एवढं पुरेसं आहे.

याच जागी दुखणारे दुसरे आजारही असतात. जंतुसंसर्गात दुखणं दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढतं, लघवीला जळजळ होते, ताप येतो. ७ ते १२ वर्षांच्या मुलांत गोटीच्या टोकावरच्या एका छोट्या अवशेषालाच पीळ पडतो, तेव्हा वरच्या टोकाशी कधी निळसर ठिपका दिसतो आणि गोटी वाचलेली असते. गालगुंड झाल्यावर काही दिवसांनी गोटी सुजते. अडकलेला हर्निया जांघेत कडक गाठ म्हणून दिसतो. मूतखड्याची कळही खाली उतरते. पण हा फरक घरी बसून करायचा नाही. दवाखान्यातही तो कित्येकदा हाताने आणि मशीनने मिळून करावा लागतो. 'गोटी वर उचलल्यावर बरं वाटलं म्हणजे टॉर्शन नाही' ही जुनी कसोटी भरवशाची नाही, तिच्यावर बसू नका. चेंडू लागला असेल तर दुखणं बहुधा तासाभरात ओसरतं. तासानंतरही तसंच असेल तर चेंडूचा विचार सोडा आणि दवाखाना गाठा.

आणखी एक प्रकार लोक हमखास सोडून देतात. अचानक जोराचं दुखतं, दहा-वीस मिनिटांत आपोआप थांबतं, आठवड्याने पुन्हा येतं. इथे पीळ बसतो आणि सुटतो आहे. थांबलं म्हणून बरं वाटतं, पण पुढच्या खेपेला तो सुटेलच असं नाही. अशा मुलाला त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा. दोन्ही गोट्या शिवून पक्क्या करण्याचं ऑपरेशन ठरवून, शांतपणे करता येतं.

घरातून निघताना

दुखणं कधी सुरू झालं ती वेळ मोबाइलवर लिहून ठेवा. रात्रीच्या गोंधळात दहा की बारा हे विसरायला होतं आणि पुढचा प्रत्येक डॉक्टर हेच पहिलं विचारतो.

त्याला खायला-प्यायला काही देऊ नका. चहा नको, दूध नको, घोटभर पाणीही नको, कारण भूल द्यावी लागेल. आधीच जेवला असेल तर काय आणि किती वाजता ते भूलतज्ज्ञाला खरं सांगा. जेवला म्हणून ऑपरेशन रद्द होत नाही, पण ते लपवलं तर भूल देताना जीवावर बेतू शकतं. गोळी देऊन 'पाहू उतरतं का' असं करू नका. दिली असेल तर तिचं पाकीट सोबत घ्या. शेक नको, तेल नको, मालिश नको. बेंबी सरकली म्हणून पोट चोळणाऱ्याकडे नेऊ नका. यूट्यूबवर पाहून पीळ स्वतः सोडवायचा प्रयत्न तर मुळीच नको. चुकीच्या दिशेने फिरवला तर तो घट्ट होतो.

मोटरसायकलवर मुलाला धक्के असह्य होतात, ऑटो किंवा कार मिळत असेल तर बरं. पण गाडीची वाट पाहण्यात अर्धा तास जाणार असेल तर जे आहे त्यावर निघा. १०८ ला फोन जरूर करा, मात्र दारात वाहन उभं असेल तर रुग्णवाहिकेसाठी थांबू नका.

नागपुरात कुठे

असा दवाखाना हवा जिथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि चालू ऑपरेशन थिएटर तिन्ही रात्रीही आहेत. सरकारीत मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) या दोन्हींची कॅज्युअल्टी चोवीस तास चालू असते, आणि मिहानमध्ये एम्स आहे. हिंगण्याच्या बाजूला राहणाऱ्यांना डिगडोहचं लता मंगेशकर रुग्णालय जवळ पडतं. धंतोली आणि रामदासपेठेत खासगी दवाखाने भरपूर आहेत, पण तिथे निघण्याआधी फोन करा. तीनच प्रश्न विचारा: सर्जन आत्ता येतील का, भूलतज्ज्ञ आहेत का, थिएटर किती वेळात मिळेल. उत्तरात 'सकाळी' हा शब्द आला तर फोन ठेवा आणि पुढचा नंबर लावा.

काटोल, उमरेड, रामटेक, सावनेरकडून येणाऱ्यांचा तासभर रस्त्यातच जातो. गावातल्या दवाखान्यात आधी जायचं असेल तर पोहोचताच विचारा, ऑपरेशन इथे होतं का. होत नसेल तर सलाइनची बाटली संपायची वाट न पाहता चिठ्ठी घ्या आणि नागपूरकडे निघा. आधी एका गावी सोनोग्राफी, मग दुसऱ्या गावी दाखवणं, असं करू नका. या फेऱ्यांतच गोटी गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

सोबत दोन माणसं हवीत. एकाने केसपेपरच्या रांगेत लागावं, दुसऱ्याने मुलाला घेऊन थेट कॅज्युअल्टीत जावं. तिथे 'पोट दुखतं' असं म्हणू नका. म्हणा, "गोटीत अचानक दुखायला लागलं, साडेदहाला, दोन उलट्या झाल्या. टॉर्शन असू शकतं, सर्जनला आत्ता बोलवा." टॉर्शन हा शब्द मुद्दाम वापरा. तो ऐकला की रांग बाजूला होते. मूल १८ च्या आत असेल तर संमतीला आईवडिलांपैकी एकाची सही लागते, म्हणून एकाने तरी सोबत असावं. रेशन कार्ड, आधार घरी राहिलं तर कुणीतरी मागून आणून देईल.

दवाखान्यात

डॉक्टर मांडीच्या आतल्या बाजूला हलकीशी रेघ ओढतात. एरवी त्या बाजूची गोटी झटकन वर सरकते. पीळ असेल तर बहुधा हलत नाही. ट्विस्ट नावाचा एक गुणांकही वापरतात: गोटी सुजलेली असली तर २, कडक असली तर २, ही हालचाल नसली तर १, मळमळ-उलटी असली तर १, गोटी वर चढलेली असली तर १. सात पैकी पाच किंवा जास्त गुण आले तर बहुतेक सर्जन तपासणीत आणखी वेळ न घालवता थेट थिएटरकडे नेतात.

शंका असेल तिथे रंगीत डॉप्लर सोनोग्राफी उपयोगी पडते, गोटीत रक्त वाहतं आहे का ते दिसतं. पण ती त्याच इमारतीत, लगेच होणारी हवी. शिवाय पीळ अर्धवट असेल तर रक्त वाहताना दिसतं आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. हाताला टॉर्शन लागत असेल तर रिपोर्ट नॉर्मल असूनही सर्जन उघडून पाहायचं ठरवतो. तेव्हा "रिपोर्ट तं बरोबर आहे न जी, मग ऑपरेशन काहून?" असं विचारत तास घालवू नका. उघडून पाहिलं आणि पीळ नसला तर पिशवीवर एक छोटी खूण राहते. पाहिलं नाही आणि पीळ असला तर गोटी जाते. मी स्वतः पहिली चूक कितीही वेळा करायला तयार आहे.

थिएटर तयार व्हायला वेळ असेल तर डॉक्टर हातानेच पीळ सोडवून पाहू शकतात, पुस्तक उघडावं तशी गोटी बाहेरच्या दिशेने फिरवून. सुटला तर दुखणं क्षणात उतरतं. पण सुमारे एक तृतीयांश मुलांत पीळ उलट्या दिशेचा असतो, म्हणून हे जाणकाराचंच काम आहे. आणि सुटला तरी ऑपरेशन टळत नाही, कारण थोडा पीळ राहिलेला असू शकतो आणि मोकळी गोटी पुन्हा फिरू शकते.

संमतिपत्रात दोन वाक्यं असतात ज्यांनी घरचे दचकतात: गोटी मेलेली असेल तर काढावी लागेल, आणि दुसरी चांगली गोटीही शिवावी लागेल. दुसरीला हात का लावायचा? कारण तीही बहुधा तशीच मोकळी असते. उद्या तिलाही पीळ पडला तर हातात काहीच उरत नाही. सही लांबवू नका.

ऑपरेशन फार मोठं नसतं, अर्धा ते एक तास. पिशवीवर छोटा छेद घेऊन गोटी बाहेर काढतात आणि पीळ उलगडतात. त्या पहाटेच्या मुलाची गोटी बाहेर आली तेव्हा पिकल्या जांभळासारखी काळी-निळी होती, दीड वेढा होता. वेढा सोडवला, कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये ती गुंडाळली आणि आम्ही थांबलो. या थांबण्यात थिएटरमध्ये कुणी बोलत नाही. पाच मिनिटांनी गॉज उघडला, काही फरक नव्हता. पुन्हा गुंडाळली. दहाव्या मिनिटाला वरच्या टोकाला बोटाएवढा भाग जांभळ्यातून गुलाबीकडे वळला होता. वरच्या आवरणाला बारीक टोचा दिला तर लाल रक्त आलं. सिस्टर म्हणाली, "आली जी." मग न विरघळणाऱ्या टाक्यांनी ती तीन ठिकाणी पिशवीला पक्की केली, आणि दुसरीही तशीच.

रंग परतलाच नाही, टोचल्यावर रक्त आलं नाही, तर गोटी काढावी लागते. मेलेली गोटी आत ठेवली तर ती कुजू शकते, दुखत राहते.

उशीर झालाच असेल, १२ तास, दीड दिवस, तरी जा. आता काय उपयोग म्हणून घरी बसू नका. सैल पिळाची गोटी कधी कधी २४ तासांनंतरही तग धरते, आणि ती गेलीच असली तरी दुसरीला वाचवायचं असतंच.

नंतर

बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत घरी जातात. आठवडाभर घट्ट बसणारी चड्डी घालावी, टाके कोरडे ठेवावेत, शाळा आठ दिवसांनी. सायकल, क्रिकेट, कबड्डी, पोहणं हे साधारण चार आठवडे बंद. ताप, वाढती सूज किंवा पू दिसला तर लगेच परत या. वाचलेली गोटी काही महिन्यांत कधी कधी बारीक होते, म्हणून तीन आणि सहा महिन्यांनी दाखवून घ्यावं. शिवलेल्या गोटीला पुन्हा पीळ पडणं फार क्वचित, पण तसंच अचानक दुखलं तर पुन्हा तीच धावपळ करायची.

एक गोटी काढलेल्या मुलाच्या आईने मला हळूच विचारलं होतं, "लग्न होईल न जी याचं?" हा प्रश्न बापांच्या चेहऱ्यावरही असतो, फक्त ते विचारत नाहीत. एक गोटी निरोगी असेल तर दाढी-मिशी येते, आवाज फुटतो, शरीरसंबंधात अडचण येत नाही आणि मुलंही होतात. काहींच्या वीर्याचा दर्जा थोडा कमी होऊ शकतो, ते पुढे तपासून घेता येतं. रिकाम्या पिशवीने मुलाला अवघडल्यासारखं होत असेल तर मोठेपणी सिलिकॉनची कृत्रिम गोटी बसवता येते. खेळताना कप, म्हणजे गोटीला मार लागू नये म्हणून चड्डीत घालायचं कडक कवच, घालायची सवय मात्र आजच लावा. आणि नातेवाइकांना काय झालं होतं हे सांगायचं की नाही, ते मुलाला ठरवू द्या.

नवजात बाळात चित्र वेगळं असतं. बाळ फारसं रडतही नाही, पण लंगोट बदलताना एक बाजू कडक, सुजलेली, काळपट दिसते. त्याच दिवशी बालशल्यचिकित्सकाला दाखवा. ज्या मुलाची एक गोटी जन्मापासून खाली उतरलेलीच नाही, त्याच्या त्याच बाजूच्या जांघेत अचानक दुखून गाठ आली तर तेही टॉर्शन असू शकतं.

मुलाशी आधीच बोला

त्या मुलाची लाज सव्वासात तास टिकली, कारण त्या जागेबद्दल घरात तोवर कुणी एक शब्दही बोललं नव्हतं. मुलगा १० वर्षांचा झाला की बाबांनी, मामांनी किंवा आईने एकदा सांगून ठेवावं. गाडीवर मागे बसलेला असताना सांगितलं तरी चालतं, डोळ्यात डोळे घालावे लागत नाहीत. "बाबू, कधी गोटीत अचानक जोरात दुखलं तर मला लगेच उठवायचं. रात्री दोन वाजले असले तरी. मी रागावणार नाही, हसणार नाही. आपण गाडी काढून सरळ दवाखान्यात जाऊ."

शिकायला खोली करून किंवा होस्टेलवर राहणाऱ्या मुलाला याच्या पुढचंही सांगा: घरी फोन लागेपर्यंत थांबू नको, रूममेटला उठव, वॉर्डनला उठव, मेडिकल किंवा मेयो जे जवळ असेल तिथे जा आणि मग रस्त्यातून फोन कर. होस्टेलच्या वॉर्डनांनी आणि शाळेच्या पीटीच्या सरांनी सहा तास हा आकडा लक्षात ठेवावा. मैदानावर कुणी पोट धरून बसला तर त्याला बाजूला नेऊन, कुणी ऐकत नाही असं पाहून, एकच प्रश्न विचारा: "खाली दुखते का?"